पाठमोऱ्या बाई

निकाळजे बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिनेमा बघत होते. माझं कामच ते. गेली अठरा वर्षं मी या पुरवणीत सिनेमांची परीक्षणं लिहिते, आणि सकाळच्या खेळाला जवळजवळ रिकाम्या थिएटरात मांडीवर वही घेऊन बसणाऱ्या एकट्या बाईकडे आता दारावरचा माणूसही वळून बघत नाही. फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकलेला होता. मध्यंतरात बघितलं, तर बाईंच्या भाचीचे, ज्योतीचे, चार मिस्ड कॉल. ज्योती कधी दोनदा फोन करत नाही. उलटा फोन लावला तर ती एवढंच म्हणाली, "अनघाताई, मावशी गेल्या. सकाळी चहा ठेवायला उठल्या अन् ओट्यापाशीच…" मी पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी उभी होते. तेव्हा माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. दुःख नंतर आलं, भरपूर आलं. पण पहिला विचार होता, सुटले… आता कुणालाच कळणार नाही. त्या विचाराची मला आजही शिसारी येते. संपादकांनी बाईंवर आठवणीचा लेख मागितला तेव्हा ठरवलं की सुरुवात तिथूनच करायची, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे.

बाई म्हणजे पुष्पा निकाळजे, बेगमपुऱ्याकडच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षिका. मूळच्या गंगापूरकडच्या एका खेड्यातल्या. काटक, सावळ्या, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडी आणि बूट या जोडीची आम्ही पहिले चार दिवस यथेच्छ टिंगल केली. पाचव्या दिवशी बाई त्याच साडीत आमच्या मागे पळाल्या आणि बघता बघता एकेकीला गाठून बाद केलं, तेव्हा आमची तोंडं बंद झाली. मला खो-खोत घ्यायचं म्हणून त्या आमच्या घरीही आल्या होत्या. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरातली कुठलीच मुलगी कधी मैदानावर गेलेली नाही. आई आतल्या दारात पाणी आणू की नको अशी घुटमळत होती. ती का घुटमळते आहे हे मला त्या वयातही कळत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बाईंनाही कळलंच असणार. त्या सरळ म्हणाल्या, "वहिनी, पाणी आणा बरं, लई उन्हातून आले मी." आईनं आणलं. वडिलांनी मुलगी पडली, हातपाय मोडले तर काय, असं विचारलं. बाई पाणी पिऊन पेला खाली ठेवत म्हणाल्या, "पडंल अन् उठंल. कधी उठायचं, एवढंच तर शिकवते मी."

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, या खेळात खरोखर तेवढंच शिकायचं असतं. पाठलाग करणाऱ्या आठ जणी एका ओळीत, एकीआड एक उलट्या दिशांना तोंडं करून बसलेल्या. नववी पळणार. तिनं मागून येऊन बसलेलीच्या पाठीवर हात मारायचा आणि 'खो' म्हणायचं. शब्दही हवा, हातही हवा. पाठीला हात लागल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. आधी उठली तर फाउल, आणि तशा उठण्यातून कुणी बाद झालं तर ते बाद धरत नाहीत. आता हात खरोखर लागला की नाही, हे पुष्कळदा फक्त त्या पाठीलाच ठाऊक असतं. पंचाला दिसत नाही. म्हणून बाईंचा एक नियम होता, फक्त आमच्या मैदानापुरता. सरावात काही खोटं झाल्याची शंका आली की त्या शिट्टी वाजवायच्या आणि आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. जिची चूक तिनं आपण होऊन हात वर करायचा. दुसरीनं तिच्याकडे बोट दाखवायचं नाही. हात वर झाला की कुणीतरी म्हणायचं, "झालं, बाई." मग बाई वळायच्या, हात बघायच्या, आणि रागावणं नाही की उपदेश नाही, फक्त म्हणायच्या, "खाली घे. चला पुढं." पाठ का करता, असं आम्ही एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "समोर डोळे वटारून उभं राहिलं की माणूस भिऊन हात वर करतो. ते काय कामाचं?"

माझी पहिली वेळ मला पक्की आठवते. एप्रिल महिना, ऊन उतरलेलं नव्हतं, मी चुकीच्या बाजूला वळले होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी पाठ केली. मी हात वर करेना. कारकुनाची हुशार मुलगी, वर्गात पहिली येणारी, मला कुठल्याच गोष्टीत चूक असण्याची सवय नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाईंच्या पोलक्यावर घामाचा डाग पसरत गेला, तरी त्या हलल्या नाहीत. मुली माझ्याकडे बघत होत्या, पण नियम म्हणजे नियम, एकीनंही तोंड उघडलं नाही. शेवटी शाळेचा शिपाई फाटक बंद करायला आला तेव्हा मी रडत रडत हात वर केला. बाई वळल्या. "खाली घे," म्हणाल्या. मग घड्याळात बघून हसल्या. "अनघाला जरा टाइम लागतो. लागू दे." त्यानंतर वर्षभरातच मी कर्णधार झाले.

आणि मग तो अंतिम सामना… अठ्ठावीस वर्षं झाली. जिल्ह्याची शालेय स्पर्धा, समोर पैठणची शाळा. आमच्या मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं होतं की यंदा कप आला नाही तर मुलींचा खो-खो बंद आणि मैदानावर सायकल स्टँड. बाईंची नोकरीही अजून कायम झालेली नव्हती. शिवाय त्याच मैदानावर निवड समिती बसलेली होती, या सामन्यातून विभागाच्या संघात मुली घेणार होते. शेवटचा डाव, पाठलाग आमचा, गुण अगदी बरोबरीत, वेळ संपत आलेला, आणि त्यांची शोभा नावाची एक मुलगी काही केल्या हाती लागत नव्हती. वाऱ्यासारखी पळत होती. ती माझ्या समोरून, अगदी दोन हातांवरून वळली. माझ्या मागून 'खो' असा शब्द आला. शब्द आला… हात आला नव्हता. मी उठले. दोन ढांगांत शोभाच्या खांद्याला हात लावला. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांनी बाद दिलं आणि लगेच वेळ संपल्याची शिट्टी झाली. शोभा ओरडत होती, "सर, ती आधी उठली! हात लागला नव्हता तिला!" पंचांनी तिला हातानंच बाजूला केलं. आमच्या मुली उड्या मारत माझ्या अंगावर पडल्या. त्यांच्या डोक्यांवरून मला बाई दिसल्या. त्या आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी हात वर केला नाही. बाई किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. बक्षीस घ्यायला बोलावलं तेव्हा वळल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेल्या. त्या पाठमोऱ्या उभ्या असतानाच कुठल्याशा वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारानं फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी छापून आला. तोंडं उघडून उड्या मारणाऱ्या नऊ मुली आणि उजव्या कडेला पाठमोऱ्या बाई. खाली ओळ होती की प्रशिक्षिकेला आनंदाश्रू आवरेनात. तो फोटो शाळेनं मोठा करून लावला, पाहुण्यांना दाखवला, बाईंच्या निरोप समारंभात फ्रेम करून त्यांनाच भेट दिला. विभागाच्या संघात माझी निवड झाली, शोभाची नाही. खेळाच्या गुणांवर मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तिथून मी या व्यवसायात आले. बाई त्याबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. माझ्या लग्नाला आल्या, मुलाच्या बारशाला आल्या, दर रविवारी सकाळी नवाच्या ठोक्याला फोन करत राहिल्या. राहिलेल्या वर्षभरात सरावाला मीच सगळ्यांत जास्त वेळा हात वर केला. क्षुल्लक चुकांसाठी, कधी नसलेल्या चुकांसाठीही. त्या एका उठण्यासाठी मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण दिग्दर्शक बाईंना शोधत आला. शाळकरी मुलींच्या खो-खोवर त्याला सिनेमा करायचा होता. बाईंनी त्याला पाठ करून उभं राहायचा नियम सांगितला आणि तो पोरगा वेडाच झाला. मग त्यानं अंतिम सामन्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, "ते कॅप्टनला विचारा. माझी तर पाठ होती." हे वाक्य त्यानं मला हसत हसत सांगितलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवून विचारलं, "मॅडम, फायनलला कुणी हात वर केला होता का?" मी चहाची साखर ढवळत होते. नाही म्हणायला काय हरकत होती? पण त्याच्या डोळ्यांत अशी काही आस होती, आणि मला वाटलं सिनेमा तर सिनेमा, कोण विचारतं… मी होकारार्थी मान हलवली. "तुम्ही?" पुन्हा मान हलवली. "बाद रद्द झालं, आणि तरी जिंकलात?" मी म्हणाले, "हो." त्यानं पेन खाली ठेवलं. डोळे पुसत म्हणाला, "हाच माझा सिनेमा." बाईंना मी हे सांगितलं नाही. दोन वर्षं दर रविवारी फोनवर त्यांच्याशी बोलत राहिले आणि सांगितलं नाही.

सिनेमा आला तेव्हा शाळेनं जालना रोडवरच्या थिएटरात खास खेळ ठेवला. गणवेशातल्या दोनशे मुली, आम्ही जुन्या खेळाडू आणि मधल्या रांगेत बाई, शेजारी मी. सिनेमा चांगला होता. हे आजही म्हणते. त्यातल्या मुली नट्या नव्हत्या, खरोखर खेळणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या गुडघ्यांवरच्या खपल्या खऱ्या होत्या. पहाटे पांढऱ्या फक्कीनं आखलेलं मैदान, पाण्याच्या एकाच बाटलीवरून होणारी भांडणं, घरी जायच्या आधी रिक्षाच्या आडोशाला बदललेली खेळाची चड्डी, हे सगळं इतकं नेमकं होतं की बाई मधूनमधून माझ्या दंडाला चिमटा काढत होत्या. मी मात्र खुर्चीचा हात धरून बसले होते. आता येईल, आता येईल… आणि आलाच तो सामना. पडद्यावरच्या अनघाच्या मागून 'खो' आला, हात लागायच्या आधीच ती उठली, तिनं त्या मुलीला बाद केलं. पडद्यावरच्या बाईंनी पाठ केली. संगीत थांबलं. मग त्या मुलीनं हळूहळू हात वर केला. अख्खं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, माझ्यामागची एक मुलगी तर हुंदके देत होती. पडद्यावर बाद रद्द झालं, काही सेकंद उरले होते, त्यात त्याच मुलीनं सूर मारून पुन्हा बाद केलं आणि कप जिंकला. शेवटी आमचा तो खरा फोटो आला, पाठमोऱ्या बाईंचा. मी समोर बघत राहिले. बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितल्याचं मला गालाला जाणवत होतं. दिवे लागले तरी त्या बघत होत्या.

परतताना रिक्षा केली. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "कैसा था पिच्चर, बाई? हमारी बच्ची जिद करके बैठी है." बाई म्हणाल्या, "दिखाव. लड़कियां लई भारी खेली. फिर उसकू बोलना, आखरी का झूट है." तो हसला, त्याला वाटलं सगळेच सिनेमे खोटे असतात तशातलं. टीव्ही सेंटर भागात त्यांच्या घरासमोर उतरल्यावर बाईंनी विचारलं, "पैठणच्या त्या पोरीचं नाव काय होतं गं?" मी म्हणाले, आठवत नाही. "शोभा," बाई म्हणाल्या. "मला आठवतं." मग पदर कमरेला खोचत, मैदानावर खोचायच्या तसा, "पेपरात तूच लिहिणार ना ह्याच्यावर?" मी हो म्हणाले. "मग लिही," म्हणाल्या आणि वळून फाटकातून आत गेल्या. पुन्हा मागे बघितलं नाही.

मी लिहिलं. पाचपैकी चार तारे दिले. मुलींच्या अभिनयाचं, धुळीचं, छायाचित्रणाचं कौतुक केलं. उणिवाही लिहिल्या, अगदी तटस्थपणाचा आव आणून. गाणी लांबली आहेत. मुख्याध्यापक नुसताच खलनायक केला आहे, बिचाऱ्याला शेवटी दोन मिनिटांत पश्चात्ताप होतो. सामन्याआधी प्रशिक्षिका लांबलचक भाषण ठोकते, खऱ्या प्रशिक्षकाला त्या वेळी बुटाच्या नाड्या बघायच्या असतात. खेळाडूंनी मारलेला प्रत्येक सूर मंदगतीत दाखवल्यानं खेळाचा वेगच मरतो. सगळं खरं होतं, आणि ज्या एका उणिवेवर तो सिनेमा उभा होता तिच्या मी आसपाससुद्धा गेले नाही. उलट हात वर करण्याच्या प्रसंगाला 'मराठी पडद्यावरचा दुर्मीळ प्रामाणिक क्षण' म्हटलं. हे माझे शब्द आहेत, माझ्या नावाखाली छापलेले. त्या रविवारी नवाला फोन वाजला. "वाचलं," बाई म्हणाल्या. "गाणी लांब हायेत हे खरं लिहिलंस." पलीकडं कुकरची शिट्टी झाली, ज्योतीनं काहीतरी विचारलं. मग म्हणाल्या, "उभी हाय मी अजून, अनघा." आणि फोन ठेवला. पुढच्या दोन रविवारी त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. तिसऱ्या रविवारच्या आत त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या त्या शोकसभेला, मी पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले. घर माणसांनी भरलं होतं, निम्म्याहून अधिक जुन्या खेळाडू, कुणी डॉक्टर, कुणी पोलिसात, एक वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून तशीच आलेली. भिंतीवर हार घातलेल्या बाई हसत होत्या आणि शेजारी फ्रेममधल्या बाई पाठमोऱ्या होत्या. पंचशील म्हणायला सगळे हात जोडून उभे राहिले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझे ओठ हलले नाहीत. निघताना ज्योतीनं हातात पाकीट दिलं. "मावशीनं सांगून ठेवलं होतं, अनघा आली की दे." आत माझ्या परीक्षणाचं कात्रण होतं, एकही ओळ न खोडलेलं, आणि एक चिठ्ठी. बाईंच्या टपोऱ्या अक्षरात फक्त, 'शोभा. वाहक, पैठण आगार.' ती चिठ्ठी मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडले. चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी, पैठणच्या एसटीत बसले.

आगारात विचारलं तर एकानं हात करून दाखवलं. खाकी गणवेश, गळ्यात तिकिटाचं मशीन, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि चाल अजून तीच, पायाखाली स्प्रिंग असल्यासारखी. मी जवळ जाऊन काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुम्ही कॅप्टन ना? बसा. धा मिनिटांनी गाडी हाय माझी." ओळखलं कसं, असं विचारलं. "तुम्ही बाद केलंय मला. ईसरंन व्हय मी?" आम्ही बाकावर बसलो. दहातली तीन मिनिटं तशीच गेली. मग म्हणाले, "शोभाताई, मला खो मिळाला नव्हता. हात लागायच्या आधी उठले होते मी." तिनं मशीनमधलं कागदाचं भेंडोळं नीट बसवलं. "व्हय," म्हणाली. "मला ठाऊकच हाय की. माझं तोंड तुमच्याकडंच होतं." मग पुढं म्हणाली, "तुमच्या बाई आल्या होत्या. दोनेक महिने झाले. ह्याच बाकड्यावर बसल्या. म्हनल्या, मी पंचाला जाऊन सांगायला पायजे होतं, नियम पोरींसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. नोकरीला भ्याले, चूक माझी. तुमचं नाव नाय घेतलं त्यांनी. मीच म्हनलं, अन् ती कॅप्टन? तर म्हनल्या, येईल ती. तिला जरा टाइम लागतो."

मला रडू आलं. ती मला रडू देईना. म्हणाली, "थांबा, माझं आयका आधी. माझी पोरगी अकरावीला हाय. ती बारकी होती तवापासून तिला सांगत आले की मी बाद नव्हते. हसायची, पण आईचं खरं धरायची. आता मागच्या पंधरवड्यात शाळंनं सिनेमा दाखवला. घरी आली अन् म्हनली, आई, ती कॅप्टन तर लई इमानदार होती, तिनं हात बी वर केला होता. तू कामून खोटं सांगत आलीस?" शोभाच्या आवाजात तोवर काही नव्हतं, तिथं मात्र तो फाटला. "कप गेला, निवड गेली, ते जाऊ द्या. पोरीपाशी बी खोटी ठरले मी." मी म्हणाले, मी येते, आजच येते, तिच्यासमोर सांगते. तिनं मान हलवली. "नाय. घरात येऊन सांगितलं तर तिला वाटंल आईनंच आणलंय धरून. सिनेमा समद्यांनी बघितलाय नं? तुम्ही पेपरात लिहिता. तितं लिहा, समद्यांना वाचू द्या. ती पेपर वाचती." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती उठली. मी म्हणाले, "मला माफ…" तिनं पुरं होऊ दिलं नाही. "ते लिवल्यावर बघू." गाडीत चढून तिनं दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली. तिनं खिडकीतून बघितलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

तर शोभाच्या मुली, हे तुझ्यासाठी आहे. तुझी आई बाद नव्हती. मी आधी उठले होते, मला ते ठाऊक होतं, आणि मी हात वर केला नाही. सिनेमातली मुलगी खोटी आहे आणि ते खोटं दिग्दर्शकानं रचलेलं नाही, माझ्या मानेनं रचलेलं आहे. तुझी आई अठ्ठावीस वर्षं खरं सांगत होती. आणि वाचकांनो, त्या परीक्षणात राहून गेलेली उणीव आज लिहिते. हात वर केला तरी कप मिळतोच, असं तो सिनेमा सांगतो. हात वर करणाऱ्याला त्याची काही किंमतच मोजावी लागत नाही. बाईंच्या मैदानावर असं नव्हतं. तिथं हात वर केला की बाद झालेली मुलगी पुन्हा उठून पळायला लागायची आणि आपण पुन्हा खाली बसायचो, एवढंच. माझे चार तारे मी परत घेते. मुलींच्या गुडघ्यांवरच्या खपल्यांसाठी मात्र तो सिनेमा जरूर बघा.

ज्योतीला विचारून मी तो फोटो घरी आणला आहे. मी लिहिते त्या टेबलासमोर भिंतीला लावला आहे. उड्या मारणाऱ्या मुलींमध्ये मधोमध मी आहे, माझे दोन्ही हात मैत्रिणींच्या गळ्यात. उजव्या कडेला बाई, हात मागे बांधलेले, पोलक्यावर घामाचा डाग, तोंड भिंतीकडे. कालपासून हे लिहिताना दहादा नजर तिकडे गेली. आज रविवार, नऊ वाजून गेले, फोन वाजला नाही.

झालं, बाई. वळा आता.